वाटाभर वेळ

रंजनाताई घरत वेळ कोलंबीत मोजायच्या.

हे वाचून तुम्ही दचकला असाल तर त्यात तुमची चूक नाही. जुईनगरच्या आमच्या ऑफिसात पहिल्या दिवशी मीही दचकलो होतो. मी तिथे टेस्टर म्हणून लागलो होतो. टेस्टर म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढणारा माणूस. हेच काम मी घरी बिनपगारी करतो आणि जेवायला उशिरा मिळतं. ऑफिसात त्याचा पगार मिळतो, एवढाच फरक. तर त्या दिवशी कुणीतरी मला ताईंच्या टेबलाजवळ नेऊन उभं केलं. स्क्रीनवर नकाशा उघडत होता, म्हणजे उघडत नव्हता, पांढरा पडून गोल गोल फिरत होता. आणि त्याच्यासमोर पन्नाशीतली एक बाई, नाकावर दोरीचा चष्मा, केसांत मोगरा, गळ्यात बैल बांधता येईल अशी सोन्याची साखळी, स्क्रीनकडे पाठ फिरवून हवेत काहीतरी सोलत होती. डोकं मोडलं, पाठीवरची साल काढली, काळा दोरा ओढला, टाकली. पुन्हा डोकं मोडलं. नकाशा उघडला तेव्हा त्या वळल्या आणि मला म्हणाल्या, "मूठभर झाली. लिव, दादूस. मूठभर."

दादूस म्हणजे भाऊ. त्या सगळ्यांनाच दादूस म्हणत, अगदी निंबाळकर साहेबांनाही, आणि साहेब हे कंपनीचे मालक होते.

त्यांचं माप साधं होतं. बटण दाबलं आणि काम झालं, त्याला एक कोलंबी. जरा थांबावं लागलं तर मूठ. त्याहून जास्त म्हणजे वाटा. मासळीबाजारात पाटावर जे ढीग लावून ठेवतात, त्यातला एक. आणि वाट बघून माणूस चहा प्यायला निघून गेला तर टोपली. आम्ही सगळे तेच माप वापरू लागलो. माझ्या तक्रारीच्या रकान्यात मी सरळ लिहायचो, 'रस्ता खोडायला अर्धा वाटा लागतो.' एकदा हे परदेशातल्या गिऱ्हाइकाकडे तसंच गेलं आणि तिकडून उत्तर आलं की हे एकक आमच्या तक्त्यात सापडत नाही. माझ्या घरचे म्हणतात, हे मी रचून सांगतो. त्यांनी खुशाल म्हणावं.

सीवूड्सच्या मॉलच्या मागे, टॉवरांच्या सावलीत, खाडीला टेकून जे जुनं गाव उरलंय, तिथल्या ताई. वडील मिठागरावर राबलेले. गावातली इंजिनियर झालेली पहिली मुलगी ही. त्यांचा आवाज खाडीच्या वाऱ्यावर ओरडून तयार झालेला होता, त्यामुळे त्या फोनवर बोलू लागल्या की फोन नसता तरी चाललं असतं. गिऱ्हाइकापुढे त्यांचं इंग्रजी इस्त्रीचं, साहेबांपुढे मराठी पुस्तकातलं. आणि जीव लावून बोलायचं असेल, किंवा जीव घ्यायचा असेल, तर गावची बोली. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, हे विचारायची ऑफिसात कुणाची छाती झाली नाही, आणि ज्याची झाली असती त्याला त्यांनी डब्यातली बोंबलाची चटणी खाऊ घालून गप्प केलं असतं.

आता आमची कंपनी काय करायची ते सांगतो, म्हणजे पुढची भानगड कळेल. आम्ही नकाशे विकत नव्हतो. नकाशा काढायची पाटी आम्ही लोकांपुढे ठेवली होती. कुणीही यावं, वेबसाइट उघडावी, आपली गल्ली, आपलं घर, आपली विहीर आखावी, सेव्ह करावं. दुसऱ्या क्षणी जगाला दिसतं. साध्या माणसांना फुकट. मोठमोठ्या वसाहती बांधणारे लोक पैसे भरून तीच पाटी वापरायचे, त्यावर आमचं दूध-साखर चालायचं. ही पाटी, आमच्या भाषेत एडिटर, मुळात ताईंनीच लिहिलेली, कंपनीत दोन खुर्च्या आणि एक पंखा होता तेव्हा. नंतर खुर्च्या वाढल्या, पंख्याचा एसी झाला, आणि एडिटर मात्र म्हातारा झाला. मी आलो तेव्हा त्याला एक गल्ली उघडायला मूठ लागायची, गाव उघडायला वाटा. मोठं शहर असेल तर टोपली.

मग ठरलं की सगळा कोड नव्याने लिहायचा. हे आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं आहे. राहतं घर पाडायचं, त्याच जागी नवं बांधायचं, आत माणसं जेवत असताना. आणि कुणाच्या पानातला भात गार होता कामा नये. ताईंनी हे आयुष्यात आधीही केलं होतं. त्या म्हणायच्या, "पयल्या वेली मजा येतं. दुसऱ्या वेली राग येतं. तिसऱ्या वेली नुसती झोप येतं."

ही त्यांची तिसरी वेळ होती.

त्या दिवसांत जे बग निघाले त्यांची पोथी करायला हवी होती. एकदा झूम केलं की सीवूड्सचा मॉल उठून खाडीत जाऊन बसायचा. एकदा करंजाड्याच्या एका सोसायटीने आपला गेट सरकवला, तर पनवेलचं एक तळं त्याच्याबरोबर सरकत आलं. आणि चूक मागे घ्यायचं बटण दाबलं की आपली नव्हे, दुसऱ्याच कुणाची तरी चूक मागे घेतली जायची. ती सोय माझ्या मते राहू द्यायला हवी होती. मी रोज नवे बग घेऊन ताईंच्या टेबलाशी जायचो. त्या चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "ये, आला यमाचा दूत. कोन मेला आज?"

हसत म्हणायच्या, पण दमलेल्या असायच्या. आम्ही सगळेच दमलो होतो. त्या वर्षी ऑफिसातल्या कुणाचा चेहरा ओळखपत्रावरच्या फोटोशी जुळत नव्हता.

खरी गोम होती वेगाची. निंबाळकर साहेब देशावरचे, पहाडी आवाजाचे, मनाने वाईट नव्हते. पण त्यांच्या गळाला एक मोठं गिऱ्हाईक लागलं होतं, वसाहती बांधणारं, आणि त्यांनी त्याला शब्द दिला होता की नकाशा डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडेल. म्हणजे एक कोलंबी. ताईंनी सगळं करून पाहिलं, टोपलीवरून वाट्यावर आणलं, आणि तिथे गाडं अडलं. अडलं ते भिंतींपाशी.

म्हणजे असं. ताईंच्या जुन्या कोडमध्ये दोन घरांमध्ये एक भिंत असेल तर ती एकदाच लिहिलेली असे. दोन्ही घरं आपापल्या बाजूने तिच्याकडे बोट दाखवत. एक घर दाखवायचं तर आधी त्याच्या चार भिंती कुठे आहेत ते शोधून आणायचं, मग जोडायचं. यातच सगळा वेळ जायचा. उपाय कुणालाही सुचेल असा होता: प्रत्येक घराला त्याच्या चारही भिंती स्वतःच्या देऊन टाकायच्या. भिंत सामाईक असेल तर दोनदा लिहायची. जागा जास्त लागेल, पण शोधाशोध संपली. ताईंनी तसं केलं. नकाशा एका कोलंबीत उघडला. निंबाळकर साहेबांनी सगळ्या मजल्याला वडापाव वाटला.

तपासलं मीच. सीवूड्सचे टॉवर तपासले, जुईनगरचे सेक्टर तपासले, करंजाड्याच्या नव्या इमारती तपासल्या. गिऱ्हाइकाला तेच दाखवायचं होतं आणि ताईंनी यादीही तीच दिली होती. त्या सगळ्या इमारती एकमेकींपासून अंग चोरून उभ्या. मध्ये पार्किंग, मध्ये कुंपण. एकाही इमारतीची भिंत दुसरीला लागत नाही. एकही बग निघाला नाही. नवा एडिटर लोकांसाठी खुला झाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ताईंच्या गावदेवीची जत्रा आली.

गावच्या मंडळाने वर्षभर खपून आमच्याच पाटीवर अख्ख्या गावाचा नकाशा काढला होता. घर अन् घर, वेगवेगळ्या रंगात. जत्रेत तो मोठा छापून देवळाच्या मंडपात लावला. आणि जत्रेला आलेलं गाव देवीला हात जोडण्याआधी नकाशासमोर गर्दी करू लागलं. नकाशासमोर उभा राहिलेला माणूस जगात सगळ्यात आधी काय बघतो? स्वतःचं घर. ताईंच्या सख्ख्या काकांनी, बाळाकाकांनी, तेच केलं.

इथे घराची रचना सांगायला हवी. ताईंच्या आजोबांचं घर एकच होतं. मुलांची लग्नं झाल्यावर त्यांनी मधोमध भिंत घातली. अलीकडे ताईंचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, पलीकडे बाळाकाका. दोन्ही स्वयंपाकघरं त्या भिंतीला पाठ लावून. आजोबांनी गवंड्याला सांगून भिंतीत हातभर चौकोन मोकळा ठेवला होता, आरपार, म्हणजे त्यात एक दिवा ठेवला की दोन्ही चुली दिसाव्यात. पुढे वीज आली, दिवा गेला, चौकोन राहिला. त्यातून कालवणाच्या वाट्या इकडून तिकडे जात. मध्ये कधीतरी भाऊ-भाऊ बिनसले, वर्षानुवर्षं बोलले नाहीत, पण चौकोन चालू होता. काकूने वाटी ठेवायची, ताईंनी उचलायची. आणि आता कुठे, दोघं थकल्यावर, पुन्हा बोलू लागले होते. दोन्ही घरं गळायला लागली होती. पाडून एकच इमारत बांधायची, दोघांच्या सहीने, इथपर्यंत गोष्ट आली होती. ताईंनी त्यासाठी किती पायऱ्या झिजवल्या, किती वेळा एकाचा निरोप गोड करून दुसऱ्याला सांगितला, हे मला जेवणाच्या सुट्टीत रोज ऐकायला मिळायचं. "आबाला सालीसकट सांगितला तरी चालतं," त्या म्हणायच्या, "आन बालाकाकाला साल काढून."

तर बाळाकाकांना मंडपातल्या नकाशावर काय दिसलं? आबांच्या घराचा पिवळा रंग भिंत ओलांडून त्यांच्या हिरव्या स्वयंपाकघरात हातभर शिरलेला.

झालं होतं असं: मंडळातल्या कुणीतरी छापण्याआधी आबांचं घर जरा सरळ करून घेतलं. भिंत ओढली. जुन्या एडिटरमध्ये ती भिंत एकच होती. ओढली असती तर दोन्ही घरांची हलली असती, आणि कुणाच्याही घरात कुणी शिरलं नसतं. नव्यामध्ये ती दोन होती. आबांची हलली, काकांची तिथेच राहिली. गावभर असे रंग एकमेकांवर चढले होते, पण ते कुणाच्या लक्षात आले नाहीत. बाळाकाकांच्या आले. आणि गावाला माहीत होतं की हा नकाशाचा कंप्युटर कुणाच्या पोरीने बनवलाय.

त्यांनी देवळात तमाशा केला नाही. घरी गेले, प्लायवूडचा तुकडा घेतला, आणि आपल्या बाजूने तो चौकोन खिळे मारून बंद केला. आबा आत बसून खिळ्यांचा आवाज ऐकत होते.

सोमवारी ताई ऑफिसात आल्या तेव्हा केसांत मोगरा नव्हता. त्यांनी गावाचा नकाशा उघडला, दोन्ही भिंती पाहिल्या. मग मला म्हणाल्या, "मी गावची. आन यादी करताना मीच गाव इसरले." पुढे म्हणाल्या, "तू टेस्टर हायस. तुजा काम चुका दाखवनं. चल, माजी दाखव."

अशा रीतीने, लॅपटॉप काखोटीला मारून, मी सीवूड्सच्या मॉलला वळसा घालून त्या गावात गेलो. बाळाकाका ओट्यावर बसले होते. मिठागरावर आयुष्य गेलेल्या माणसाचे पाय कसे असतात ते मी तिथे पाहिलं. पावलांना भेगा नव्हत्या, भेगांना पावलं होती. ताईंनी लॅपटॉप त्यांच्या समोर ठेवला. भिंत ओढून दाखवली, एक हलली, एक राहिली. पुन्हा दाखवली. जुन्या एडिटरमध्येही दाखवली. मी साक्षीदार म्हणून मान हलवत होतो, कीर्तनकाराच्या मागच्या टाळकऱ्यासारखी. काकांनी सगळं नीट पाहिलं. मग विचारलं, "कंपूटर खोटा बोलतं?"

"कंपूटर नाय, काका. भित हाय तिकरंच हाय. मी चुकले."

काका ताईंकडे बघत राहिले. रागाने नाही, त्या बघण्यात एक प्रकारचा मान होता, आणि तोच वाईट होता. "तू चुकनारी नाय," ते म्हणाले. "तू शिकलेली. शिकलेली मानसां चुकत नाय. मुद्दाम करतान."

आत काकू चूल सारवत होती की भांडी घासत होती, कोण जाणे. तो आवाज मध्येच थांबला आणि पुन्हा सुरू झाला. परतीच्या वाटेवर ताई एक शब्द बोलल्या नाहीत. ताई न बोलता चालताहेत हे दृश्य इतकं अपूर्व होतं की रस्त्यातली कुत्रीसुद्धा बाजूला झाली.

दुसऱ्या दिवशी त्या निंबाळकर साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. केबिन काचेची, त्यामुळे ऐकायला आम्हाला फारसे कष्ट पडले नाहीत. साहेबांनी ऐकून घेतलं आणि माणुसकीने मार्ग सुचवला: तुमच्या गावाच्या भिंती हाताने जुळवून टाका, दोन दिवस घ्या, चार घ्या. बाकीचं गिऱ्हाइकाचं काम झाल्यावर बघू. त्याला टॉवर बघायचेत, गावठाणं कोण बघतंय?

"साहेब, असं प्रत्येक गावात झालं असेल," ताई म्हणाल्या. "तिथे माझ्यासारखी पुतणी नाही, चूक कुठे झाली हे सांगायला. तिथे नुसते खिळे मारतील."

"आणि वेग?"

"वाटा लागेल."

साहेब म्हणाले, मग गिऱ्हाईक जाईल. ताई म्हणाल्या, तेही बघते. आणि आमचं ते वर्ष पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

ताईंनी दोन्ही गोष्टी साधायचा प्रयत्न केला नाही असं नाही. डोळ्यांना दाखवायला दोन भिंती, हात लावला की एक, असा एक मधला मार्ग काढला. वेग आला, पण नवेच बग निघाले. घराला हात लावला की शेजाऱ्याचं स्वयंपाकघर गायब व्हायचं आणि हात काढला की परत यायचं. कुठे भिंत एक झाली पण दारं दोन्ही बाजूंची एकाच घरात गेली. मी यमाचा दूत रोज हजर. कधी कधी ताई माझं न ऐकताच म्हणायच्या, "ठेव तिकरं मयत," आणि डबा उघडायच्या. त्या डब्यात हल्ली कालवणाची चव बदलली होती. आधी अर्धं कालवण पलीकडून यायचं.

शेवटी त्यांनी मधला मार्ग काढून टाकला. म्हणाल्या, "दाखवायला येक आन लिवायला येक, असा नकशा नको मना." भिंत पुन्हा एकदाच लिहिली गेली. सगळ्या गावांतल्या दोन-दोन झालेल्या भिंती शोधून, जुळवून, एक करणारा कोड त्यांनी लिहिला, मी तपासला, आणि माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात चोख काम होतं. एकही बग उरला नाही. नकाशा उघडायला वाटा लागला.

गिऱ्हाईक आलं. तीन माणसं, तिघांचे बूट इतके चकचकीत की आमचा फरशी पुसणारा लाजून रजेवर गेला. साहेबांनी सरबत दिलं. ताईंनी बटण दाबलं. स्क्रीन पांढरी झाली आणि गोल फिरू लागलं. एसीचा आवाज ऐकू यायला लागला. निंबाळकर साहेब टायची गाठ चाचपत होते. मला दिसलं, टेबलाखाली ताईंची बोटं सोलत होती.

त्यांच्यातला एक म्हणाला, "हँग झालं का?"

"नाही," ताई म्हणाल्या, पुस्तकी मराठीत, "भिंती शोधतोय."

नकाशा उघडला. चोख होता. एकही रंग दुसऱ्यावर चढलेला नव्हता. ते तिघं छान छान म्हणाले, सरबत संपवलं, आणि दुसऱ्या कंपनीकडे गेले. साहेब ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, आम्हाला त्यांच्या ओरडण्याची सवय होती. त्यांनी ताईंना चहा पाजला आणि महिन्याभरात एडिटर दुसऱ्यांच्या हाती देऊन ताईंना माहितीपुस्तिका लिहायच्या कामाला लावलं. ताईंनी एक पुस्तिका लिहिली. 'बटण दाबल्यावर थांबावे' हे त्यातलं पहिलं वाक्य होतं. मग राजीनामा दिला.

जाताना सगळ्यांना भेटल्या. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "दादूस, येक सांगते. नव्या पोरांनी भिती परत दोन केल्या तर मना फोन कर. मी येऊन बोंबील घालीन त्यांच्या मशीनमधी." मी म्हटलं, ताई, तुमच्याशिवाय इथे कोलंबी कोण मोजणार? त्या म्हणाल्या, "आता मोजू नको. लागल तेवरा लागू दे."

काही आठवड्यांनी मी त्यांना भेटायला गावात गेलो. निमित्त काही नव्हतं. खरं तर एक होतं, मला बोंबलाच्या चटणीची सवय लागली होती. आबा पलंगावर पडून होते. ताई स्वयंपाकघरात भाकऱ्या करत होत्या, मी उंबऱ्यात पाटावर बसलो. गप्पा मारता मारता माझं लक्ष त्या चौकोनाकडे गेलं. प्लायवूड तसंच होतं, पलीकडून ठोकलेलं. मी विचारलं, काकांना समजावलंत का पुन्हा? त्या म्हणाल्या, समजावण्यासारखं सगळं समजावून झालंय. मंडळाने दुरुस्त झालेला नकाशा छापून देवळात लावला होता. काका रोज देवळात जातात, नकाशासमोरून जातात, थांबत नाहीत. बोलत नाहीत. सहीचा विषय तर कुणी काढतच नाही, आणि पाऊस तोंडावर आला होता, छप्पर तर दोन्हीकडे गळत होतं.

"म्हणजे नोकरीही गेली आणि..." मी म्हणायला गेलो.

"नोकरी मिलंल," त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटली. मी आजवर त्यांना इतकं हळू बोलताना ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात पलीकडून काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. भाकरी तव्यावर राहिली. पकडीने खिळा ओढताना येतो तसा आवाज. एक, मग पुन्हा एक. खिळे ओढणारा घाईत नव्हता. मग प्लायवूडचा तुकडा निघाला, आणि कित्येक महिने अंधारलेल्या त्या चौकोनातून पलीकडचा उजेड अलीकडे पडला. त्यात एक हात दिसला. काकूचा असेल असं मला वाटलं होतं. पण मनगट जाड होतं, आणि नखं मिठाने खाल्लेली होती. हाताने एक स्टीलची ताटली चौकोनात ठेवली आणि हात मागे गेला. पलीकडे खोकला आला, तेवढाच.

ताई उठल्या. ताटली दोन्ही हातांनी उचलून खाली आणली. तिच्यात कोलंबी होती. चांगला एक वाटा भरेल एवढी, धुतलेली, पांढरीशुभ्र. ताईंनी एक उचलून उजेडात धरली, पाठ पाहिली, दोरा काढलेला होता. दुसरी पाहिली. तिचाही.

"सोललीत त्यांनी," त्या म्हणाल्या.

मग ताटली मांडीवर घेऊन त्या खाली बसल्या, आणि तव्यावरची भाकरी करपेपर्यंत तशाच बसून राहिल्या.